स्पोर्ट्स कारच्या निघणाऱ्या छताचं रबर सुटलंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

छत काढून बाजूला ठेवता येतं अशी गाडी ज्याच्याकडे आहे, त्याच्या हातात आज ना उद्या छताच्या कडेचं रबर येतंच. मग तो गोंदाची ट्यूब शोधायला धावतो. ती ट्यूब सगळ्यात शेवटी उघडायची असते, आणि पुष्कळदा उघडावीही लागत नाही. रबर का सुटलं हे आधी कळायला हवं. ते न कळता चिकटवलेलं रबर पुन्हा सुटतं, आणि दुसऱ्या खेपेला जुना गोंद खरवडायचं काम वाढलेलं असतं.

निघणारं छत म्हणजे नेमकं कुठलं? माझ्या गाडीला हे लागू आहे का?

डोक्यावरचा तुकडा हातांनी उचलून काढता येत असेल तर लागू आहे. पोर्शने 1965 साली 911 ची अशी गाडी दाखवली आणि सिसिलीतल्या टार्गा फ्लोरिओ शर्यतीवरून तिला 'टार्गा' म्हटलं. आता कुठल्याही कंपनीच्या असल्या छताला लोक टार्गाच म्हणतात. 1968 च्या कॉर्व्हेटमध्ये मधोमध एक पट्टी ठेवून दोन्ही बाजूंना दोन सुटे तुकडे दिले होते, तो टी-टॉप. फियाट एक्स1/9 आणि होंडा एनएसएक्स-टी यांचं छत एकाच तुकड्याचं. माझदा एमएक्स-5 ला कापडी छताच्या जागी अख्खं हार्डटॉप, म्हणजे कडक छत, बसवता येतं. रचना वेगवेगळ्या असल्या तरी रबराचं काम सगळीकडे तेच: दोन कडक वस्तूंमधली फट दबून भरायची आणि दाब निघाला की पूर्ववत फुगायचं. टी-टॉपला सांधे जास्त, म्हणून कटकटही जास्त.

रबर सुटतंच का? गोंद हलका असतो का?

कधीकधी. पण बहुतेक वेळा गोंदाला दोष देण्यात अर्थ नसतो. कारणं साधारण अशी सापडतात. छत काढताना माणूस जिथे बोटं घालतो, नेमकं तिथलंच रबर ओढलं जातं. छत तिरकं ठेवलं की रबराचा ओठ, म्हणजे त्याची बाहेर आलेली पातळ कड, दुमडतो, वरून खटका बसतो आणि ओठ मुडपलेलाच राहतो. खाचेत धूळ साठून तिचा थर तयार होतो आणि रबर वर ढकललं जातं. पत्र्याची कड गंजते, रंगाचे पोपडे निघतात, त्या पोपड्यांना चिकटलेलं रबरही त्यांच्याबरोबर निघतं. या शेवटच्या प्रकारात गोंद शाबूत असतो, निघालेला असतो रंग. रबराच्या पाठीवर गाडीच्या रंगाचा कपटा दिसला तर समजा, काम गोंदाचं नाही, गंज घासून प्रायमर आणि रंग लावायचं आहे.

आणि एक कारण असं, की जे आधीच्या दुरुस्तीतच पेरलेलं असतं: रबर ताणून बसवलेलं असतं. त्याबद्दल पुढे लिहिलं आहे, कारण ती चूक मी स्वतः केली आहे.

पाणी नेमकं कुठून येतंय हे कसं ओळखू?

जिथे पाणी ठिबकतं तिथूनच ते आत येतं असं मुळीच धरू नका. पाणी कडेकडेने वाट काढत जातं आणि हातभर लांब जाऊन पडतं.

कोरड्या गाडीवर कागदाची परीक्षा करा. साध्या वहीच्या कागदाच्या दोन बोटं रुंद पट्ट्या कापा. पट्टी रबरावर ठेवा, छत बसवून खटके लावा आणि पट्टी हलकेच ओढा. जिथे रबर नीट दाबलं गेलंय तिथे पट्टी कुरकुरत, अडखळत निघते. जिथे दाब नाही तिथे ती कोणी विरोध न केल्यासारखी सुळकन हातात येते. दर वीतभर अंतरावर ओढून बघा आणि ढिल्या जागी बाहेरून रंगाच्या चिकटपट्टीचा (मास्किंग टेपचा) तुकडा लावून खूण करा. अर्ध्या तासात छताचा अख्खा नकाशा तयार होतो. पट्टी ओढायची सवय झाली की नुसत्या आवाजावरून कळायला लागतं.

मग पाणी. एकाने आत बसायचं, हातात बॅटरी घेऊन. दुसऱ्याने नळीतून बारीक धार सोडायची, सुरुवात खालून करायची आणि हळूहळू वर सरकायचं. एकेका जागी दोन-तीन मिनिटं थांबायचं. वरून सुरुवात केली तर सगळीकडे पाणी होतं आणि काहीच कळत नाही. आतल्या माणसाला कंटाळा येतो, त्याला चहा द्या.

एकटेच असाल तर दुसरा मार्ग: सगळ्या काचा बंद करा, पंखा बाहेरची हवा आत घेण्याच्या स्थितीत पूर्ण वेगावर ठेवा आणि खाली उतरून सांध्यांवर साबणाचं पाणी मारा. आतली हवा जिथून बाहेर निसटते तिथे बुडबुडे येतात. आणखी एक सोपी युक्ती म्हणजे रबरावर खडूची पूड चोळून छत लावायचं आणि काढायचं. समोरच्या कडेवर खडूची रेघ जिथे तुटते, तिथे रबर टेकत नाही.

पाणी येत नाही, पण वेग घेतला की शिट्टी वाजते. का?

कारण उभ्या गाडीतलं छत आणि धावत्या गाडीतलं छत एकाच जागी नसतं. ताशी 100 किलोमीटर वेगाला वाऱ्याचा दाब दर चौरस मीटरला सुमारे 47 किलो वजनाइतका भरतो, आणि वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. छतावरून वारा वेगाने वाहतो तेव्हा तिथल्या हवेचा दाब कमी होऊन छत वर ओढलं जातं. घरी नीट टेकलेलं रबर त्या ओढीत केसभर उचललं जातं, आणि शिट्टीला केसभर फट पुरते.

शोधायला रंगाची चिकटपट्टी घ्या. छताचे सगळे सांधे बाहेरून झाका आणि गाडी चालवून बघा. शिट्टी गेली ना? मग एकेका बाजूची पट्टी काढत पुन्हा चालवा. ज्या बाजूची पट्टी काढल्यावर आवाज परत आला, ती बाजू. सगळे सांधे झाकूनही शिट्टी राहिली तर छताला दोष देऊ नका, आरशाच्या बुडाकडे आणि काचेच्या कडेकडे बघा. ही पट्टी रंगावर उन्हात तशीच ठेवू नका, नंतर तिचा चिकटा निघता निघत नाही.

गोंद न लावता काम कधी होतं?

रबर कशाच्या जोरावर बसलंय ते बघा. गोंदाविना बसणारे तीन प्रकार असतात.

काही बीडिंगच्या, म्हणजे कडेवर चढवायच्या रबरपट्टीच्या, पोटात पत्र्याची यू आकाराची पट्टी असते आणि ते पत्र्याच्या कडेवर नुसतं चावून बसतं. ते सैल झालं असेल तर काढा, यू पक्कडीने हलकेच आवळा, कड पुसा, पुन्हा ठोकून बसवा. हातोडी रबराचीच घ्या. इथे गोंद ओतणं म्हणजे पुढच्या दुरुस्तीची वाट लावणं.

काही रबर अ‍ॅल्युमिनियमच्या खाचेत सरकवलेलं असतं. खाच जुन्या ब्रशने घासून रिकामी करा, साबणाचं पाणी लावून रबर परत आत सरकवा. ओठ खाचेबाहेर राहिला असेल तर प्लॅस्टिकच्या चपट्या पट्टीने आत ढकला. पेचकसाने नको. पेचकस एकदा तरी निसटतोच, आणि मग रबराला चीर पडते.

काहींना खाली प्लॅस्टिकच्या खुंट्या असतात, त्या भोकांत दाबून बसवायच्या. खुंटी तुटली असेल तर खुंटी बदला.

उरलं चौथं, नुसतं गोंदावर चिकटवलेलं. गोंदाची ट्यूब फक्त त्याच्यासाठी.

जुना गोंद काढावाच लागतो का?

हो. नव्या गोंदाची पकड खालच्या थरापेक्षा जास्त कधीच नसते. रबर ओढून उपटू नका. एका टोकाने उचला आणि मासे धरायचा नायलॉनचा दोरा करवतीसारखा मागे-पुढे नेत गोंद कापत जा. आत काय दिसेल याची तयारी ठेवा: माझ्या गाडीत एका कोपऱ्यात पिवळा, काळा आणि पारदर्शक असे तीन थर एकावर एक निघाले, म्हणजे तीन माणसांनी आपापल्या परीने तिथे हात मारला होता. आणि खालच्या थराला रंगाचा पोपडा होता, म्हणजे वरचे दोन्ही गोंद फुकटच गेले होते.

जाड थर बोटाने चोळून गोळ्या करून काढा, उरलेल्याला प्लॅस्टिकची पट्टी. शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पत्रा आणि रबराची पाठ दोन्ही पुसा. फडक्यावर काळपट येणं कमी होईपर्यंत पुसा. पेट्रोल किंवा थिनर वापरू नका. या रबरांत बहुतेक ठिकाणी ईपीडीएम नावाचं कृत्रिम रबर असतं. ऊन, पाणी, ओझोन यांना ते वर्षानुवर्षं दाद देत नाही, पण पेट्रोल आणि खनिज तेल लागलं की फुगतं. फुगलेलं रबर मऊ आणि छान वाटतं, म्हणून माणूस फसतो.

मग गोंद कुठला?

गाड्यांच्या रबरासाठी बनवलेला, दोन्ही बाजूंना लावायचा कॉन्टॅक्ट प्रकारचा गोंद, ज्याच्या डब्यावर वेदरस्ट्रिपसाठी (म्हणजे अशाच कडेच्या रबरासाठी) असं स्पष्ट लिहिलेलं असतं. तो वाळूनही लवचिक राहतो, आणि इथे लवचिकपणाला ताकदीपेक्षा जास्त किंमत आहे, कारण छत, पत्रा आणि रबर उन्हात वेगवेगळ्या प्रमाणात फुगतात. पिवळा आणि काळा असे रंग मिळतात, काळाच घ्या. पिवळ्याचा एक थेंब बाहेर आला तर तो कायम दिसत राहतो.

सुपरग्लू, सिलिकॉन, पंक्चरचं सोल्यूशन, दोन्ही बाजूंची टेप? घरात हेच आहे.

सुपरग्लू रबर पत्र्याला चिकटवायला नको. तो काचेसारखा कडक होतो, छत दोनदा काढलं-घातलं की तडकतो, आणि आजूबाजूला पांढरी राख सोडतो. मात्र रबराची दोन टोकं एकमेकांना जोडायची असतील तर तोच उत्तम.

फटी बुजवायच्या सिलिकॉनला हात लावू नका. व्हिनेगरसारखा वास येतो त्या सिलिकॉनमधून सुकताना अ‍ॅसिटिक आम्ल सुटतं आणि उघड्या पत्र्याला गंज चढतो. शिवाय एकदा सिलिकॉन लागलं की त्यावर दुसरं काहीच चिकटत नाही, रंगही नाही. गाडी रंगवणाऱ्याला विचारून बघा, त्याच्या तोंडावर उत्तर दिसेल.

पंक्चरचं सोल्यूशन रबरावर रबर चिकटवण्यासाठी आहे, रंगवलेल्या पत्र्यासाठी नाही. आणि फोमची टेप रंगावर घट्ट बसते, पण ईपीडीएमवर आधी त्याचं प्रायमर लावल्याशिवाय धरत नाही. टेप पत्र्यावर राहते आणि रबर लोंबतं, असं दिसलं तर हेच कारण.

चिकटवायची पद्धत सांगा, अगदी पहिल्यापासून.

आधी गोंद न लावता रबर जागेवर ठेवून बघा. कोपऱ्यातलं वळण कोपऱ्यात, टोकं टोकांना. दर हातभर अंतरावर रबरावर आणि शेजारच्या चिकटपट्टीवर समोरासमोर खडूची रेघ मारा. गोंद लावल्यावर या रेघा जुळवायच्या असतात, तेव्हा विचार करायला वेळ मिळत नाही. ही चिकटपट्टी रेघा मारण्याआधीच रंगाच्या भागावर लावून घ्या, कारण या गोंदातलं द्रावण रंगाला लागू शकतं. जागा हवेशीर हवी, जवळ ज्योत नको.

आता दोन्ही बाजूंना पातळ थर. पातळ म्हणजे खालचा रंग दिसावा इतका. आणि मग थांबा. सगळे चुकतात ते इथेच. ओल्या गोंदावर रबर दाबलं की ते घसरत राहतं आणि द्रावण आत कोंडतं. डब्यावर लिहिलेला वेळ पाळा, आणि बोटाच्या मागच्या पेराने स्पर्श करून बघा: गोंद चिकट लागावा पण बोटाला तार येऊ नये. तार आली तर अजून दोन मिनिटं.

कोपरे आधी बसवा, सरळ भाग नंतर. एका वेळी हातभर लांबीचाच गोंद लावा. दाबताना अंगठा सरकवू नका, वरून खाली दाबा, उचला, पुढे दाबा. सरकवलेला अंगठा रबर नकळत ताणतो. शेवटी छत बसवा आणि 24 तास तसंच राहू द्या. थंडीत किंवा पावसाळी दमट हवेत हे काम काढू नका, 15 ते 25 अंश तापमान बरं.

सगळं नीट केलं, तरी महिनाभरात कोपऱ्यात फट पडली. का?

तुम्ही रबर ताणलंत. मीही ताणलं होतं. पहिल्यांदा केलं तेव्हा शेवटी बोटभर रबर जास्त उरलं, मी ते अभिमानाने कापून टाकलं. किती नीट बसलं म्हणून दोनदा हात फिरवून बघितला. पाच आठवड्यांनी मागच्या कोपऱ्यात करंगळी जाईल एवढी फट. रबर आपल्या मूळ लांबीवर परत गेलं होतं, आणि ताण नेहमी कोपऱ्यातच निघतो.

आता मी उलटं करतो. टोकाला दोन-तीन मिलिमीटर जास्त ठेवतो आणि बसवताना रबर स्वतःवरच किंचित दाबून घेतो. सांधा सरळ भागात काढतो, कोपऱ्यात कधीच नाही. टोकं नव्या ब्लेडने काटकोनात कापायची आणि सुपरग्लूच्या एका थेंबाने जोडायची. जुन्या रबरात आधीच फट पडली असेल तर ओढून जुळवू नका, तशाच रबराचा तुकडा मधे घाला.

रबरात बारीक भोकं आहेत. तीही बुजवू का?

नाही! पोकळ नळीसारख्या रबरात ही भोकं मुद्दाम ठेवलेली असतात. छत दाबलं की आतली हवा तिथून बाहेर जाते. ती बुजवली तर रबर फुग्यासारखं ताठरतं आणि छत बसेना होतं. खालच्या बाजूच्या खाचांचंही तसंच, त्या पाणी बाहेर जाण्यासाठी आहेत.

रबर चपटं झालंय. परत फुगवता येईल का?

थोडंफार. छत काढून रबर मोकळं ठेवा, धुवा, केस वाळवायच्या यंत्राने वीतभर अंतरावरून कोमट करा आणि दोन दिवस दाबाविना राहू द्या. बराच काळ दबून आकार विसरलेलं रबर मात्र परत येत नाही. नखाने दाबून बघा: खळगा लगेच भरला तर जीव आहे, तसाच राहिला तर बदला. चिरा दिसल्या, वाकवल्यावर भेगा उघडल्या, हाताला काळी पूड लागली, तर कसलाही गोंद वाया. रंग काढायची हीट गन मात्र वापरू नका, रबर चकाकायला लागतं आणि मग तडकतं.

नवीन रबर घातलं आणि छताचे खटकेच लागत नाहीत.

हे अपेक्षित आहे. नवं रबर पूर्ण फुगलेलं असतं. जोर लावून खटका मोडू नका. खटक्याला स्क्रूने कमी-जास्त करायची सोय असेल तर ती थोडी सैल करा, छत लावून गाडी दोन दिवस उन्हात ठेवा आणि मग पुन्हा आवळा. कॉर्व्हेटच्या 1984 च्या मॉडेलसारखं बोल्टने बसणारं छत असेल तर एक बोल्ट पूर्ण आवळून दुसऱ्याकडे जाऊ नका, चारही आळीपाळीने थोडे थोडे आवळा.

रबर ठणठणीत आहे, कागदही अडकतो, तरी आत पाणी.

मग रबराला सोडून द्या. छताच्या कडेच्या खाचेतून पाणी खाली नेणाऱ्या नळ्या पानांनी आणि चिखलाने तुंबतात, खाच भरते आणि पाणी रबरावरून आत येतं. खाचेत पेलाभर पाणी ओता. गाडीखाली लगेच ठिबकलं पाहिजे. नळी साफ करायला जाड नायलॉनचा दोरा घाला. जोरात हवा मारू नका, आतला सांधा सुटला तर गालिचाखाली तळं होतं.

दुसरा संशयित म्हणजे दाराची काच. या गाड्यांच्या काचेला चौकट नसते, ती थेट छताच्या रबराला टेकते. दार उघडताना काच थोडी खाली येणं आणि बंद केल्यावर वर जाणं हे बऱ्याच गाड्यांत आपोआप होतं. बॅटरी काढली असेल तर काही गाड्या ही जागा विसरतात, आणि काच शेवटचे काही मिलिमीटर वर जातच नाही. माणूस तिकडे रबर बदलत बसतो. गाडीच्या पुस्तिकेत काचेची जागा पुन्हा शिकवायची पद्धत दिलेली असते, आधी ती करा. काचेची बैठक कमी-जास्त करायची असेल तर ती छत पक्कं बसवल्यानंतरच.

रबराला काय लावत जाऊ?

साबणाच्या पाण्याने धुवा, वाळवा, आणि सिलिकॉनच्या वंगणाचा अगदी पातळ हात फिरवा. कडाक्याच्या थंडीत रबर काचेला चिकटून फाटतं, ते यामुळे टळतं, आणि कुरकुरही थांबते. व्हॅसलिन, ग्रीस, इंजिनचं तेल नको, ती सगळी पेट्रोलची भावंडं. मात्र चिकटवायचं काम बाकी असेल तर त्याआधी वंगण लावू नका. वंगणाच्या बोटाने धरलेलं रबर गोंद धरत नाही.

छत काढून ठेवताना रबर खराब होऊ नये म्हणून?

कडेवर उभं टेकवू नका. सगळं वजन बोटभर रबरावर येतं आणि तिथे कायमचा खळगा पडतो. आतली बाजू वर करून मऊ कापडावर ठेवा. बसवताना दोन माणसं घ्या, आणि ज्याचा हात पुढच्या कोपऱ्याशी आहे त्याला ओठ दुमडला नाही ना ते बोट फिरवून बघायला सांगा.

गाडी धुताना प्रेशरची धार चालेल?

छताच्या सांध्यांवर नाही. जवळून मारलेली धार चांगल्या रबराचाही ओठ उचलते, आणि मग तुम्ही पुन्हा कागदाच्या पट्ट्या कापायला बसता.